रंगवलेली तुळई

मी तुळई बोलतेय, हेदगाळच्या शाळेची. अहो, खिडकीतून डोकावून इकडेतिकडे काय शोधताय? मान वर करा. भिंतीवरचे पाढे नंतर वाचा, तो सोंड उचललेला हत्ती नंतर बघा. छपराखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवी पडलेय ना, चॉकलेटी रंगाची, चकचकीत? ती मी. शाळेत आलेला प्रत्येक साहेब फळा बघतो, पट बघतो, संडासाला कडी आहे का तेही वाकून बघतो. वर कुणीच बघत नाही. माझं तोंड जरा फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. सगळं छप्पर जिच्या अंगावर आहे तिनं गोड गोड बोलावं, अशी अपेक्षा करू नका.

जन्मानं मी ऐनाचं लाकूड. गावाच्या वरच्या अंगाला डोंगराच्या सोंडेवर आदिवासी वाडी आहे, तिच्याही वर माझं झाड होतं. गावात शाळा बांधायची ठरली तेव्हा सरकारनं कौलं दिली आणि एक मास्तर दिला. जागा, दगड आणि लाकूड गावानं द्यायचं होतं. रानखात्याच्या परवानगीचं काय झालं ते मला विचारू नका. वाडीतल्या नागूच्या आज्यानं मला तोडलं आणि खालच्या गावातल्या हरेशच्या आज्यानं बैल जुंपून मला चिखलातून ओढत खाली आणलं; नागू आणि हरेश पुढे येतीलच. दोघं जोडीनं बिडी ओढत माझ्यावर बसले होते, ते मला अजून आठवतं. शाळेच्या दगडी पाटीवर दोघांपैकी कुणाचंच नाव नाही. पाटीवर ज्याचं नाव आहे तो इसम चहा पिऊन गेला होता.

मला भिंतींवर चढवलं त्या दिवशी नारळ फोडला आणि शाळेतलं पहिलं पोर कुणीतरी खांद्यावर उभं केलं. त्यानं हळदीत बुडवलेलं बोट माझ्या टोकाला टेकवलं. तेव्हापासून ती रीतच पडली. जून महिन्यात पहिलीत नाव घातलं, की बापानं, बाप नसला तर मामानं, मागच्या भिंतीलगतच्या ओट्यावर चढायचं, पोराला खांद्यावर उभं करायचं आणि पोरानं मला हळदीचं बोट लावायचं. बोट लागलं की पोर शाळेचं झालं. रजिस्टरात नाव त्याच्यानंतर. किती पोरांची बोटं लागली म्हणून सांगू! काही रडायची, काही मला घट्ट धरून खाली उतरायलाच तयार नसायची. एकानं तर भीतीनं बापाचं डोकं भिजवलं होतं, तोच पुढे पोलीस झाला.

तेव्हा माझं सगळं गाव करायचं. पावसाच्या तोंडावर माणसं छपरावर चढायची, कौलं चाळायची, फुटकी काढून चांगली बसवायची. खाली गावातली सोनुबाई परातीत कांदाभाकरी घेऊन उभी असायची. मग एका वर्षी वरून हुकूम आला, की ही सरकारी इमारत आहे, गावानं हात लावायचा नाही, दुरुस्ती रीतसर ठेकेदाराकडून होईल. हुकूम तसा चुकीचा नव्हता. कुठल्यातरी गावात छपरावरून माणूस पडला होता आणि खर्चाचा हिशेब कुणालाच देता आला नव्हता. गावानं मुकाट ऐकलं, शिडी उचलून ठेवून दिली. ठेकेदार मात्र आला नाही. त्याच्या आधी वानरं आली. वानरं काही शासन निर्णय वाचत नाहीत. मागच्या भिंतीवरची कौलं त्यांनी सरकवली आणि पावसाचं पाणी भिंतीतून झिरपत माझ्या टोकाशी येऊन बसलं.

माझं टोक भिंतीत शिरलंय, आत गेलेलं कुणाला दिसत नाही. पहिल्या पावसाळ्यात ते ओलं झालं, दुसऱ्या पावसाळ्यात मऊ झालं. मग मातीच्या बारीक नळ्या करत वाळवी वर चढली आणि भिंतीबाहेरच्या भागातही शिरली. तुम्हाला सांगते, वाळवी चावत नाही, दुखत नाही, आवाजही करत नाही. आपण आतून कमी होतोय एवढंच कळत राहतं. आणि माझ्याखाली पोरं पाढे म्हणत होती.

आता म्हणाल, गावाला हे कळत नव्हतं का? कळत होतं थोडं थोडं. पण गावाला माझ्यापेक्षा रस्त्याची भीती जास्त होती, आणि तीही खोटी नव्हती.

झालं असं, की हेदगाळचा पट घसरत गेला. खोपोलीच्या कारखान्यात नोकरी लागली की माणसं तिकडेच खोली घेतात. राहिलेल्यांतल्या निम्म्यांच्या दारात इंग्रजी शाळेची पिवळी बस येते. उरली ती ज्यांना बस परवडत नाही त्यांची पोरं आणि वाडीवरची पोरं. अशा कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिसळायच्या, असं वारं वाहायला लागलं. एवढ्याशा पोरांमागे शिक्षक, इमारत, खिचडीवाली बाई, सगळं सरकारला पोसायला नको, असा त्यामागचा हिशेब. कागदावर तो बरोबरही असेल, मला आकडे कळत नाहीत. पण ती मोठी शाळा रस्त्याच्या पलीकडे आहे. त्या रस्त्यावरून रसायनीकडचे टँकर आणि खडीचे डंपर दिवसभर धावतात. ना पूल, ना सिग्नल, ना एखादा गतिरोधक. पाचवीसाठी पोरांना तिकडेच जावं लागतं. सोनुबाईचा नातू पाचवीत गेला आणि दिवाळीच्या आधीच डंपरनं त्याचा पाय नेला. म्हणजे पाय आहे, पण तो आता नुसता बरोबर ओढत न्यायचा. सोनुबाई शाळेत खिचडी शिजवते. ती तेव्हापासून येईल त्याला सांगते, की तिच्या जिवात जीव आहे तोवर पहिली-दुसरीची पोरं तो रस्ता ओलांडणार नाहीत.

शाळा बंद पडली तर चिल्ल्यापिल्ल्यांना तो रस्ता ओलांडावा लागणार, आणि शाळा चालू राहिली तर ती माझ्याखाली बसणार. यातलं दुसरं गावाला दिसत नव्हतं, कारण त्यासाठी मान वर करावी लागते.

यंदा मार्च महिन्यात शाळेला पैसे आले. हर्षला बाई, म्हणजे इथली शिक्षिका, दहिवलीहून रोज स्कूटीवर येते. पदर खोचून काम करणारी बाई आहे, पोरांच्या नाकातला शेंबूडसुद्धा स्वतः पुसते. तिनं वर्षभर तालुक्याला विनवण्या केल्या होत्या, छप्पर बघा म्हणून. उत्तर आलं, की छपराचे पैसे वेगळ्या खात्यातून येतात, ते मंजूर व्हायचे आहेत. हे आलेत ते रंगाचे. भिंती बोलक्या करा, म्हणजे चित्रं-पाढे काढा, आणि मार्च संपायच्या आत करा, नाहीतर परत जातील. बाईनं फोन ठेवला. शेवटी रंगारी बोलावला. भिंतींना बोलतं करायला पैसे होते, मला विचारायला नव्हते.

रंगारी म्हणजे खालापुरातला गजा. हत्ती त्यानं झकास काढला, जिराफाची मान जरा आखूड झाली. मग शिडी लावून तो माझ्याकडे आला आणि ब्रशच्या दांड्यानं माझ्या टोकावर टकटक केलं. त्याचा चेहरा उतरला. त्यानं वाळवीची माती खरवडली, बोटानं दाबून बघितलं आणि हरेशला हाक मारली. हरेश शाळा समितीचा अध्यक्ष. पाळीप्रमाणे कारखान्यात जातो, उरलेल्या वेळात भातशेती बघतो, आणि शाळेसाठी हातातलं काम टाकून धावतो. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं.

“हरेशशेठ, ही आतनं खाल्लेली हाय,” गजा हळू आवाजात म्हणाला. “रंग नका मारू. बदला.”

हरेशनं दाराकडे बघितलं. मग म्हणाला, “पुट्टी भर, वर ऑइलपेंट मार. आनि भायेर कुटं बोलू नको रं.”

गजानं दोनदा मान हलवली आणि पुट्टी कालवायला घेतली. माझ्या जखमेत त्यानं ती पांढरी लुगदी दाबून भरली, पॉलिश पेपर मारला, रंगाचे दोन हात दिले. माणसाच्या तोंडावर उशी दाबली तर कसं वाटत असेल ते मला त्या दिवशी समजलं. ओल आत राहिली, वाळवी आत राहिली, आणि बाहेरून मी नव्या नवरीसारखी दिसायला लागले.

हर्षला बाईनं हे सगळं दारातून ऐकलं होतं. गजा गेल्यावर तिनं हरेशला थांबवलं. हे कळवायला हवं, पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे, असं तिनं सांगितलं. हरेश चिडला नाही. तो ओट्यावर बसला आणि दमलेल्या आवाजात बोलला, ते मी शब्दाशब्दानं ऐकलं.

“कळवा की बाई. लगीच येतील. धोकादायक म्हनून लिवतील, पोरं रस्त्यापल्याड पाटवतील. तात्पुरती. तात्पुरती गेलेली पोरं परत आलेली तुमी कंदी बगितलीत? पट गेला की शाळा गेली. एक पावसाळा काढू, तवर छपराचं पैसं येतील. माजी रिया या जूनला पयलीत येतेय. ती बी हितंच बसनार ना? मंग मला काय पोटची पोर जड झालीय?”

पोटच्या पोरीचं नाव निघाल्यावर बाई तरी काय बोलणार? ती पर्स उचलून स्कूटीकडे गेली. मला इतका संताप आला, की अंगातून कर्रकन आवाज निघाला. हरेशनं झटकन वर बघितलं. मग वानर असेल म्हणाला आणि दाराला कडी लावली.

पावसाच्या तोंडावर तालुक्याचे अभियंता साहेब इमारती बघायला आले. गावानं अशी तयारी केली होती, की साहेबांना लग्नघरात आल्यासारखं वाटावं. सुट्टीत बोलावलेल्या पोरांनी स्वागतगीत म्हटलं. सोनुबाईनं शिरा केला. आणि माझ्या टोकाला, नेमकं पुट्टी भरली होती तिथं, झेंडूचं भलंमोठं तोरण बांधलं. तोरण बांधल्यावर हरेशनं मागे सरून पुट्टी पुरती झाकली का ते दोनदा बघितलं.

साहेबही काही खोड काढायला आलेले नव्हते. सगळ्या तालुक्याच्या शाळा त्यांच्या एकट्याच्या गळ्यात. शर्ट घामानं चिकटलेला. त्यांनी भिंतीची एक भेग बघितली, फरशी बघितली, हत्तीचं कौतुक केलं. मी मनात म्हणत होते, वर बघ रे बाबा, एकदा वर बघ. जमेल तेवढा जोर लावून मी माझ्यातला भुसा खाली सोडला. चिमूटभर पिवळी पूड साहेबांच्या खांद्यावर पडली. हरेश पुढे झाला आणि अदबीनं ती झटकली. तोरणाच्या फुलांचं पडलं असेल, साहेब, असं हसून म्हणाला.

साहेबांनी बाईकडे वळून विचारलं, “मॅडम, तुमची काही तक्रार?”

सगळं गाव बाईकडे बघत होतं. सोनुबाईचा नातू दाराला टेकून उभा होता, तो वाकडा पाय जरा पुढे काढून. मला वाटतं कुणीतरी त्याला मुद्दाम तिथं उभं केलं होतं.

“नाही साहेब,” बाई म्हणाली. “पावसाळ्यापुरतं ठीक आहे.”

साहेबांनी लिहिलं, शिरा खाल्ला आणि गेले. बाईनं शिऱ्याला हात लावला नाही.

शाळा उघडली. दरवर्षीसारखा ताशा वाजला, नव्या पोरांच्या डोक्यावर कागदी टोप्या चढल्या. यंदा बोट लावायचा पहिला मान रियाचा. हरेश ओट्यावर चढला. त्यानं तिला माझ्या मधल्या अंगाला उचलायचा प्रयत्न केला, पण बायका ओरडल्या, तिथं नाय, टोकाला, टोकालाच लावतात. रीत म्हणजे रीत. त्याला वळावंच लागलं. गुलाबी फ्रॉक, दोन वेण्या, ओठांत जीभ धरलेली ती पोर. तिनं हळदीचं बोट माझ्या टोकाला टेकवलं आणि पोरंच ती, जरा जोर दिला. रंग पापडासारखा फुटला. बोट आत गेलं, पार मुळापर्यंत.

तिनं ते बाहेर काढलं. बोटावर हळद नव्हती, ओली काळपट पूड होती आणि तिच्यात दोन-चार पांढरे जीव वळवळत होते.

“पप्पा,” ती मोठ्यानं म्हणाली, “ही आतनं रिकामी हाय.”

ताशा वाजत होता. तरी पुढच्या ओळीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. हरेशनं तिला पटकन खाली घेतलं, तिचं बोट स्वतःच्या सदऱ्याला पुसलं आणि ताशेवाल्याला आणखी जोरात वाजव म्हणून खूण केली. बाकीच्या पोरांना त्यानं मधल्या अंगाला बोट लावायला सांगितलं. या वेळी एकही बाई टोकालाच लावा म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते सांगते. हरेश स्वतः रियाला सोडायला आला आणि तिची सतरंजी त्यानं दाराजवळ अंथरली. “हितं वारा लागतो गं, हितंच बसायचं, उठायचं नाय,” असं तिला दोनदा बजावलं. ‘ती बी हितंच बसनार ना’ म्हणणारा हाच तो हरेश! बाईनं बघितलं. दोघांची नजरानजर झाली आणि दोघांनीही ती वळवली.

मग आणखी एक बाप आला, त्याचं पोर खिडकीखाली सरकलं. एक आई आली, तिनं आपली दोन्ही पोरं भिंतीला चिकटवून बसवली. कुणी कुणाशी काही बोललं नाही. आठवड्याच्या आत वर्गाची मधली जमीन ओस पडली. पोरं चारी बाजूंनी भिंतीला टेकून बसायची आणि मधोमध, बरोबर माझ्याखाली, मोकळा पट्टा. बाई फळ्याकडून कपाटाकडे जायची ती कडेकडेनं, वळसा घालून. सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि सगळं गाव गप्प होतं. माझ्या उभ्या आयुष्यात मला इतकं भ्यायला कधी झालं नव्हतं. वाळवीला मी भ्याले नाही, त्या मोकळ्या पट्ट्याला भ्याले.

आणि पाऊस लागला. रोज माझा जडपणा वाढत होता.

अशात एका सकाळी वाडीवरचा नागू आपल्या पोरीला घेऊन आला. त्याची माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाला परत येतात. यंदा परत आल्यावर त्यानं आधी स्वतःचं गळकं घर शाकारलं आणि मग सोमीचं नाव घालायला तिला खाली आणलं. मार्चमधली पुट्टी, साहेबांचा शिरा, रियाचं बोट, यातलं त्याला काही माहीत नव्हतं. त्यानं घरून पानात हळद आणली होती. ज्या आज्यानं मला तोडलं त्याची पणती मला बोट लावणार होती.

बाई म्हणाली, हळदीचं राहू दे नागू, नंतर करू.

नागूनं पान मिटलं. “आमच्या पोरीला नाय व्हय?” एवढंच त्यानं विचारलं. त्याला काय वाटलं असेल ते बाईला कळत होतं, आणि खरं कारण सांगायला तोंड उघडत नव्हतं. नागू बाहेर पडवीत जाऊन पाऊस ओसरायची वाट बघत उभा राहिला.

सोमी आत आली. भिंतीकडेला बोटभर जागा नव्हती. तिनं मधली सगळी जमीन मोकळी बघितली आणि तिचा चेहरा असा फुलला म्हणता! ती बरोबर माझ्याखाली मांडी घालून बसली, दप्तर ऐसपैस पसरलं. भट्टीवरच्या झोपडीत पाय पसरायला जागा नसते, तिला हे राजवाड्यासारखं वाटलं असणार.

“हितं लय जागा हाय,” ती सगळ्यांना म्हणाली. “या की.”

एकही पोर हललं नाही. पोरांना घरून ताकीद होती. बाई फळ्याकडे तोंड करून उभी होती, हातात खडू, आणि खडू चालत नव्हता. तेवढ्यात रिया उठली. दाराजवळची सतरंजी तिनं ओढत आणली, सोमीला लागून अंथरली आणि दोघी एकमेकींच्या वेण्या बघायला लागल्या. कंटाळली होती ती एकटी दाराशी.

माझ्या टोकाशी पाणी ठिबकत होतं. मी सगळा जीव एकवटून भिंत धरून राहिले. माझ्यात काय उरलं होतं ते माझं मला ठाऊक.

नेमका तेव्हा हरेश दारात आला, पोरीची घरी विसरलेली छत्री घेऊन. त्यानं दाराशी बघितलं, पोर नाही. मग मध्ये बघितलं.

“रिया, ऊठ तिथनं!”

तो इतक्या जोरानं ओरडला, की पोरं रडायला लागली. चपला न काढता तो आत धावला, रियाला उचललं आणि दारात जाऊन थांबला. सोमी एकटीच मध्ये बसलेली, तिला आपलं काय चुकलं ते कळेना. आणि मग वर्गातल्या प्रत्येक पोरानं, बाईनं, पडवीतून डोकावलेल्या नागूनं, सगळ्यांनी माना वर केल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांनी मला बघितलं.

नागू आत आला. त्यानं ते फुटलेलं टोक बघितलं, खाली मोकळा पट्टा बघितला, भिंतीला चिकटलेली पोरं बघितली. लाकडातला माणूस तो, त्याला समजवायला लागत नाही. त्यानं सोमीला कडेवर घेतलं.

“हरेशशेठ, तुमी तुमची पोर दाराशी नेली,” तो आवाज न चढवता म्हणाला. “माजी मधी बसली, तवा कुनी काय बोललं नाय.”

हरेशनं मान खाली घातली. रियाला छातीशी धरून तो तसाच भिजत पायरीवर बसला. बाईनं खडू ठेवला, सगळ्या पोरांना पडवीत काढलं आणि तिथूनच फोन लावला. “साहेब, मी तुम्हाला खोटं सांगितलं,” अशी तिनं सुरुवात केली. ऐकताना मला रडू आलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

तर अशी माझी कथा. गोष्ट इथं संपायला हवी होती. पोरं वाचली, खरं बाहेर आलं, आता छपराचे पैसे येणार, असं मलाही त्या दिवशी वाटलं. म्हातारपणी माणसाला काहीही वाटतं.

साहेब आले, या वेळी वर बघितलं, दारावर लाल अक्षरात धोकादायक लिहून कुलूप ठोकलं. बाईला नोटीस मिळाली आणि नवी नेमणूक रस्त्यापलीकडच्या शाळेत. पोरंही तिकडेच, तात्पुरती. हरेशनं नव्या वर्गासाठी तालुक्याला खेटे घातले. तिथं कळलं, की हेदगाळला आता पटच नाही, मग वर्ग कुणासाठी मंजूर करायचा? तो जे म्हणाला होता ते अक्षरशः खरं झालं. पण म्हणून त्यानं केलं ते बरोबर ठरत नाही, हे मी त्याला तोंडावर सांगितलं असतं.

मी अजून वरच आहे. खाली कुणी नाही, तरी भिंत सोडवत नाही. जिराफाच्या मानेवर बुरशी चढलीय. सोनुबाईचं काम गेलं, पण ती दुपारची पडवीत येऊन बसते आणि आपल्याशीच बोलते, त्यातून मला गावाचं कळतं. पहिले काही दिवस पोरांना रस्ता ओलांडून द्यायला गावातली माणसं लाल फडकं घेऊन उभी राहायची. हरेश असायचा, नागू असायचा, एकमेकांशी न बोलता दोघं दोन बाजूंना. मग भातलावणी आली, कारखान्याच्या पाळ्या बदलल्या. आता ज्याला जमेल तो जातो.

साहेब लोकहो, तुमच्या हिशेबात माझ्यासाठी एक रकाना होता, भिंतीसाठी दुसरा आणि रस्त्यासाठी तिसराच कुठल्यातरी दुसऱ्या कचेरीत. पोर मात्र एकच आहे. ते सकाळी घरून निघतं आणि संध्याकाळी परत यायला हवं, एवढंच धरून हिशेब मांडा. माझं काही मागणं नाही. मला जळणात घाला हवं तर.

कुलूपबंद खोलीतून मला बाहेरचं दिसत नाही, पण रस्त्याचा आवाज इथवर येतो. संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळेला मी कान देऊन असते. डंपरचे हॉर्न वाजतात, मग थोड्या वेळानं पायवाटेवरून पोरांचा गलका येतो. त्यात रियाचा आणि सोमीचा आवाज मला वेगळा ओळखू येतो, दोघी भांडतच येतात. तो ऐकला की मी अंग सैल सोडते.

आज हॉर्न वाजला. खूप वेळ वाजत राहिला. सोनुबाईची पावलं पडवीतून पायवाटेकडे गेली. पोरांचा आवाज अजून आलेला नाही.